वर्गणीचं पावतीपुस्तक छापण्याआधी

श्रावण लागला की पोरं पावतीपुस्तक छापून आणतात आणि मग विचारतात, "काका, परवानगी लागते का हो?" लागते. आणि ती पुस्तक छापायच्या आधी लागते.

मंडळाची सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदणी नसेल आणि दारोदार वर्गणी मागायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी हवी. गणपती असो की नवरात्र, नियम हाच. मुंबईचं कार्यालय वरळीला, अ‍ॅनी बेझंट रोडवर. अर्ज मात्र ऑनलाइन भरता येतो, उगाच रजा टाकून जाऊ नका.

खरा घोळ वेगळाच. महापालिकेकडून मंडपाची परवानगी आली की मंडळ निश्चिंत होतं. त्यात वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणं सगळे आले, पण तो कागद मंडप घालण्याचा. पैसे गोळा करण्याची मुभा त्यात नाही.

कागदांत सोपं ते आधी: उत्सवाचा आणि वर्गणीचा ठराव, त्यावर सदस्यांच्या सह्या, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत. ठरावात 'बाळा' आणि आधार कार्डावर 'बाळकृष्ण' असं करू नका. आणि गावी गेलेल्याची सही दुसऱ्याने ठोकायची नाही, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

दुसरा कागद जागामालकाचं संमतीपत्र. हा कुणाकडेच नसतो. पागडीच्या चाळीत मालक म्हणजे भाडेपावतीवरचं एक नाव. तो वारलेला, वारस कोर्टात भांडताहेत, आणि भाडेकरूंनी त्यांच्याकडून सही आणायची! ही अट लिहिणाऱ्याने चाळीचा जिना कधी चढलेला नसावा. जागा सोसायटीची असेल तर कमिटीचं पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासकट घ्या. सार्वजनिक जागा असेल तर स्थानिक प्राधिकरणाचं ना हरकत पत्र. काहीही असो, मागे लागायचं ते आषाढात. श्रावणात सगळीच मंडळं धावत असतात.

तिसरा, मागच्या वर्षीची परवानगी आणि हिशोब. आमच्या गल्लीतल्या एका मंडळाच्या जमाखर्चात 'किरकोळ – ११,०००' अशी ओळ होती. त्यावर कोण विश्वास ठेवणार? मंडप, मूर्ती, वीज, प्रसाद वेगवेगळं लिहा, बिलं जोडा, उरलेली शिल्लकही दाखवा. पहिलंच वर्ष असेल तर तसं ठरावातच नमूद करा.

हल्ली आणखी एक भानगड आहे. वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याच्या क्यूआर कोडवर घेतात. वर्षअखेरीस त्याचा पगार, विजेचं बिल आणि बाप्पाचे पैसे एकाच पासबुकात. निस्तरायला तीन रविवार जातात.

परवानगी मिळाली म्हणजे सोसायटीच्या गेटातून आत जायचा हक्क मिळाला असं नाही. वॉचमनने अडवलं तर सेक्रेटरीला विचारा. आकडा देणाऱ्याने ठरवायचा. धमकावून घेतलेली वर्गणी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी होऊ शकते, आणि तिथे सही केलेला प्रत्येक 'बाळकृष्ण' सापडतो.

पावतीच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात आपल्याकडे उरणाऱ्या प्रती, मात्र फेकू नका. विसर्जनानंतर हिशोबाला बसाल तेव्हा त्याच लागतील.