एअर फिल्टर बदलूनही मायलेज का वाढत नाही?

जुन्या एसयूव्हीचं मायलेज घसरलं की सल्ला ठरलेला: एअर फिल्टर बदला. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात तो बरोबर होता. हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत येणाऱ्या हवेच्या हिशेबानेच इंधन सोडतो. फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, मायलेज फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांतही हेच दिसलं. फिल्टर वेळेवर बदलाच, पण शोध तिथे थांबवू नका. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि जादा इंधन जात राहतं. तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो का, ते आधी बघा. मग ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणारा) आणि टायरमधली हवा तपासा. आणि गाडी चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागलं, तर तिथला ब्रेक बहुधा धरून बसलाय.