घरच्या घरी मोटारीचे ऑइल व फिल्टर बदलणे, नागपूर

इंजिनाच्या चेंबरमधले (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातले) जुने वंगण काढून नवे भरणे आणि त्याच वेळी ऑइल फिल्टर बदलणे, हे गॅरेजचे काम अंगणात किंवा पोर्चमध्ये करता येते. सपाट जागा, चेंबरच्या बोल्टाला बसणारा पाना (बऱ्याच मोटारींना १४ किंवा १७ नंबरचा), फिल्टर पाना, एक घमेले आणि तासाभराचा वेळ पुरतो. लहान पेट्रोल मोटारीला साधारण ३ ते ४ लिटर ऑइल लागते. नेमके माप आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. अनेक मोटारींची मुदत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. नागपुरात भर उन्हाळ्यात सिग्नलवर एसी लावून उभ्या राहणाऱ्या गाडीचे इंजिन चालत राहते, पण किलोमीटर वाढत नाहीत. अशा गाडीला वर्षाचा हिशेब पाळलेला बरा.

२३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंश सेल्सियस नोंदले गेले. अशा गावात ‘उन्हाळ्यात घट्ट ऑइल टाका’ हा सल्ला ऐकू येणारच. मात्र नव्या इंजिनांना तो सरसकट लागू पडत नाही. ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला असणारा दाटपणा. म्हणजे इंजिन तापणार हे त्यात आधीच धरलेले असते. शिवाय थर्मोस्टॅट कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपास राखतो. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर, बारीक वाटांतून चालते. गरजेपेक्षा घट्ट ऑइल तिथे उशिरा पोहोचते. पुस्तिकेनेच उष्ण हवेसाठी जाड ग्रेडची मुभा दिली असेल तर ती घ्यावी, एरवी नाही.

कोमट ऑइल गाळासकट बाहेर येते. त्यासाठी इंजिन काही मिनिटे चालवून बंद करतात. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हे काम पहाटे उरकावे, कारण तेव्हा दोन मिनिटेही पुरतात; दुपारी फरशी आणि लोखंड दोन्ही भाजतात. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

खाली घमेले ठेवून चेंबरचा बोल्ट सोडावा. ऑइल निथळले की बोल्टाला नवा वायसर घालून तो आधी हाताने फिरवावा, मग पान्याने बेताने कसावा. जोर जास्त झाला की चेंबरचे आटे जातात आणि शंभर रुपये वाचवायला निघालेल्याला चेंबर बदलावे लागते. सर्वांत घातक चूक फिल्टरपाशी होते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढला तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. म्हणून ती जागा कापडाने पुसून, बोटाने चाचपून पाहावी. नव्या रिंगला ताजे ऑइल लावावे. फिल्टर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण वेढा पुरतो.

ऑइल भरून इंजिन सुरू केल्यावर दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. खाली गळती तपासून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी दोन खुणांमध्ये आहे का ते बघावे. जास्त भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो.

काळे ऑइल गटारात ओतू नये. शहरातले सांडपाणी नाग नदीला मिळते आणि ती पुढे कन्हानला जाते. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची जुनी सवयही सोडावी, कारण त्यातले धातूंचे कण मातीत उतरतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. घरच्या माणसाने ते नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरावे, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नये, आणि पिंपात जुने ऑइल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवला की त्यातलेही बरेचसे ऑइल त्याच डब्यात जाते.