नव्या घरी येताय? आधी आपला मीटर ओळखा

बेळगावात नव्यानं राहायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मे-जून आला की दुकानाच्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "लाईट, पाणी, गॅस, नेट सगळं एकदम लावून द्याल का?" देऊ की. वायरिंग, नळकाम, गिझर, इन्व्हर्टर ही आमची नेहमीची कामं. अर्ज भरून द्यायचं काम मात्र लोकांनी विचारून विचारून आमच्या गळ्यात घातलं. कोल्हापूर-सांगलीकडून कॉलेजसाठी आलेली मुलं, उद्यमबागेत नोकरी लागलेले, कॅम्पात बदलीवर आलेली फौजी कुटुंबं, खानापूर-निपाणीकडून शहरात येणारे, सगळ्यांची अडचण एकाच ठिकाणी होते. म्हणून हे पत्रक.

अडचण म्हणजे मीटर. आम्ही फोनवर आर.आर. नंबर विचारतो आणि समोरून मीटरच्या काचेवर बारकोडजवळ छापलेला नंबर येतो. तो मीटर बनवणाऱ्या कंपनीचा. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, दप्तरात तुमचं घर आर.आर. नंबरानं ओळखलं जातं, आणि तो बिलावर असतो. बिलावरच दहा आकडी अकाउंट आयडीही असतो, ऑनलाईन बिल भरायला आणि गृहज्योतीच्या (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) अर्जाला तो लागतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना बारा आकडी ग्राहक क्रमांकाची सवय असते. तो इथं विसरा.

बिल कन्नडमध्ये असतं म्हणून घाबरू नका. आकडे आपलेच इंग्रजी असतात आणि बघायचा मुख्य शब्द 'बाकी', तो दोन्ही भाषांत एकच. मीटर वाचायला येणारा माणूस दारातच छोट्या मशीनवर बिल काढून देतो. तो गुळगुळीत कागद खिडकीत ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत कोरा होतो. हातात पडलं की लगेच फोटो काढून ठेवा.

आता खरी गोष्ट. वडगावात एका इमारतीत जिन्याखाली पाच मीटर ओळीनं, एकावरही नाव नाही. घरमालकांनी लांबूनच बोट दाखवलं, "तो दुसरा तुमचा." डावीकडून दुसरा की उजवीकडून, हे कुणी विचारलं नाही. भाडेकरूनं चार महिने वरच्या मजल्यावरच्या आजींचं बिल भरलं. आजी खूश, त्यांना वाटलं सरकारनं माफ केलं. इकडे यांच्या स्वतःच्या मीटरवर बाकी साचत गेली आणि एक दिवस लाईट तोडायला माणूस दारात. ते निस्तरायला आमच्या मुलाच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि त्या फेऱ्यांचे पैसे कुणाकडून मागायचे हा प्रश्न आमच्याकडे आजही तसाच आहे.

हे टाळायला दहा मिनिटं पुरतात. घरात इस्त्री किंवा गिझर चालू करा. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. वापर जास्त तशी लुकलुक भरभर. मीटरवर एका युनिटला ३२०० असा आकडा असेल आणि हजार वॅटची इस्त्री चालू असेल, तर जवळजवळ सेकंदाला एक लुकलुक दिसते. आता एकानं घरातला मेन स्विच बंद करायचा आणि दुसऱ्यानं खाली उभं राहून बघायचं. ज्या मीटरची लुकलुक थांबली तो तुमचा. इस्त्री आधी चालू करायला सांगतो त्याचं कारण, नुसत्या एका बल्बवर लुकलुक इतकी सावकाश होते की थांबली की चालू आहे ते कळत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही दिवे लागलेले राहतील, त्यानं गोंधळू नका. आणि मीटरच्या सीलला हात लावू नका, बघण्यापुरतंच काम आहे.

पाचातल्या एकाचीही लुकलुक थांबली नाही, तर तुम्ही सब-मीटरवर आहात, म्हणजे मालकाच्या मीटरवरून आत ओढलेल्या लाईनीवर. त्यात गैर काही नाही, पण युनिटचा दर आधी बोलून घ्या. गृहज्योतीचा विचारही सोडा, कारण ती योजना हेस्कॉमच्या मीटरवर चालते आणि तो मीटर मालकाचा. डिपॉझिट देऊन झाल्यावर हे कळलं की वाद होतात.

गृहज्योतीबद्दलही रोज विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. २०२३ च्या जुलैपासूनच्या वापराला ही सवलत आहे. २०० युनिट सरसकट फुकट, असा समज घेऊन लोक येतात. तसं नाही. त्या मीटरची २०२२-२३ मधली महिन्याची सरासरी काढतात, वर १० टक्के देतात, आणि तेवढंच फुकट. फार कमी वापर असलेल्यांना २०२४ पासून टक्क्यांऐवजी १० युनिट मिळतात. ज्या मीटरला तो जुना हिशोबच नाही, त्याला ५८ युनिट धरले. त्यापुढे २०० पर्यंत जास्तीच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळं बिल तुमचं. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालवला तर महिन्याला ३० युनिट जातात. ५८ मध्ये तो कुठं बसतो ते बघा. (सोलर हीटरचं काम आम्ही करतो, पण पावसाळ्यात बेळगावचं आभाळ कसं असतं हे आधी सांगूनच.)

भाडेकरूलाही ही सवलत मिळते. आधार, अकाउंट आयडी आणि भाडेकरार लागतो, अर्ज सेवा सिंधू या सरकारी वेबसाईटवर किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात. अडतं ते इथं, की आधीच्या भाडेकरूचं आधार अजून त्याच मीटरला चिकटलेलं असतं, किंवा तुमचं आधार तुमच्या जुन्या घराच्या मीटरला. जुनी जोडणी सोडवल्याशिवाय नवी होत नाही. ज्याची जोडणी त्यानंच ती सोडवायची असते, म्हणून घरमालकाकडून आधीच्या माणसाचा फोन नंबर चावी घेतानाच मागून ठेवा. नंतर तो माणूस फोन उचलत नाही.

नवीन बांधलेल्या घरात जाणाऱ्यांनी मीटर बांधकामाचा टेंपररी आहे का, एवढं विचारावं. त्याचा दर घरगुतीपेक्षा चढा असतो.

पाण्याचं गल्लीगणिक वेगळं. राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी शहराला येतं. काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास आहे, बाकी ठिकाणी दिवस ठरलेले. म्हणून "पाणी आहे का" असं विचारू नका, "किती दिवसांनी येतं आणि टाकी किती लिटरची" असं विचारा. शहापूर, खासबागेतल्या जुन्या घरांना विहिरी आहेत. ते पाणी वापरायला उत्तम, पण गिझरमध्ये कुठलं पाणी जातंय ते बघून घ्या, जड पाण्यानं कॉइलवर पांढरा थर बसतो. नळाच्या लाईनीला थेट मोटर जोडून द्या म्हणून काहीजण मागे लागतात. ते आम्ही करत नाही. नियमात बसत नाही आणि शेजारच्याच्या नळाचं पाणी ओढलं जातं. शेजारीही आमचेच ग्राहक असतात. खाली टाकी बसवून तिच्यातून वर चढवायचं काम सांगा, दोन दिवसांत करून देतो.

गॅसचं सोपं आहे. दुसऱ्या गावाहून येताना भरलेला सिलिंडर टेंपोत घालून आणू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्याच एजन्सीत जमा करा, डिपॉझिट परत घ्या, ट्रान्स्फरचं व्हाउचर घ्या आणि इथल्या एजन्सीत दाखवा. शहरातल्या शहरात घर बदललं तर सिलिंडर तुमच्याकडेच राहतो, पत्ता तेवढा बदलायचा. नळी नारंगी, आयएसआय शिक्क्याची, आणि पाच वर्षांनी बदलायची. वर्ष नळीवरच छापलेलं असतं. दुकानात ठेवलेली असते.

नेटवाल्याला भोक पाडायच्या आधी आम्हाला बोलवा. भिंतीत वायर कुठून गेलीय ते त्याला माहीत नसतं.

आमची भेटीची फी २०० रुपये, काम दिलंत तर बिलातून वजा. नुसतं बघायला आलो तरी घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पण अनगोळहून हिंडलग्याला जाऊन "मालक गावाला गेलेत, मीटरची खोली बंद आहे" एवढं ऐकून परत येण्यातही अर्धा दिवस जातो. वर सांगितलेली लुकलुक बघून, ओळखलेल्या मीटरचा आणि त्याच्या बिलाचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर अर्जाच्या कामाला भेटीची गरजच पडत नाही, फी पण नाही. फोटो एकाच मीटरचा पाठवा. पाचही मीटर एका फोटोत आले की आम्ही पुन्हा विचारणार, "यातला तुमचा कुठला?"