पेडल बिघडलेलं नाही, जागा चुकली आहे

कुडाळ, सावंतवाडी, मालवणकडे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या पोरांची एक तक्रार गणपतीच्या आधी हमखास कानावर येते. "दादा, ह्यां पेडल फॉल्टी गावलां." पेडल म्हणजे डिले, सुराचे प्रतिध्वनी काढणारा पायाखालचा डबा. दुकानात साध्या आवाजावर तो झकास वाजलेला असतो. घरी आणून अँपचा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारा, चॅनल लावला, की सगळ्या सुरांचा नुसता चिखल. मग पेडल बदलून आणायचं, त्याचाही तोच आवाज ऐकायचा आणि शेवटी ठरवायचं की महागातलंच घ्यायला हवं होतं. पैसे वाया घालवण्याआधी अँपच्या मागच्या बाजूला बघा. बऱ्याच अँपना तिथे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतात. पेडल तिथे लावायचं असतं. का, ते समजून घेण्यात खरी मजा आहे.

गिटारच्या अँपमध्ये दोन टप्पे असतात. पहिला प्रीअँप. तो गिटारचा दुबळा सिग्नल वाढवतो, बास-ट्रेबल ठरवतो आणि डिस्टॉर्शनही बहुधा तिथेच तयार होतं. दुसरा पॉवर अँप, जो स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. सेंड म्हणजे प्रीअँपमधून बाहेर पडायची वाट, रिटर्न म्हणजे पॉवर अँपमध्ये शिरायची. या वळशाला इफेक्ट्स लूप म्हणतात.

आता डिस्टॉर्शन. सर्किट एका मर्यादेपलीकडे व्होल्टेज देऊच शकत नाही, म्हणून मोठ्या लाटेचा माथा छाटला जातो. समजा ही मर्यादा 1 आहे आणि तुमचा सूर 5 एवढ्या जोराचा आहे. डिले प्रत्येक वेळी जोर निम्मा करतो, म्हणजे प्रतिध्वनी 2.5, 1.25 आणि 0.63 असे येतील. पेडल गिटार आणि अँप यांच्या मध्ये असेल, तर हे सगळे नंतर छाटणीत जातात. बाहेर काय पडतं? 1, 1, 1, 0.63. पहिले दोन प्रतिध्वनी मूळ सुराइतकेच मोठे! विरत जाणं हा प्रतिध्वनीचा जीव, तोच छाटणीने काढून घेतला. पेडल लूपमध्ये असेल तर आधी 5 चा 1 होतो आणि मग डिले त्याच्या प्रती काढतो: 1, 0.5, 0.25, 0.13. पेडल तेच, नॉब तिथेच, फक्त क्रम बदलला.

पण चिखलाचं मुख्य कारण याहून खोल आहे. जुन्या सुराचा प्रतिध्वनी चालू असताना तुम्ही नवा सूर वाजवता. नव्या सुराची लाट मर्यादेला टेकलेली असते, तेव्हा तिच्यावर स्वार झालेली प्रतिध्वनीची लहान लाट पूर्ण कापली जाते. नवी लाट शून्यापाशी आली की तेवढ्यापुरती प्रतिध्वनीच्या लाटेला वाट मिळते. म्हणजे नवा सूर जुन्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत राहतो. अशा चालू-बंदमधून दोन्हींत नसलेल्या कंपनसंख्या जन्माला येतात.

पांढरी सहाचा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरू, 220 हर्ट्झ. त्याचा रे साधारण 247. दोन्ही एकदम छाटले तर 2×220−247 म्हणजे 193 आणि 2×247−220 म्हणजे 274 हर्ट्झ असे दोन आगंतुक सूर निघतात. त्यांच्या पाठोपाठ आणखी कितीतरी. 193 गिटारच्या कुठल्याच पडद्यावर नीट बसत नाही, 274 ही नाही. कानाला हा बेसूरपणा लगेच टोचतो आणि आपण म्हणतो, पेडल फॉल्टी.

गणितात याला अरेषीय क्रिया म्हणतात. अ आणि ब यांची बेरीज करून छाटलं, की येणारं उत्तर दोघांना वेगवेगळं छाटून केलेल्या बेरजेइतकं नसतं. डिलेचं तसं नाही. तो उशीर करतो, जोर कमी करतो आणि मूळ आवाजात मिळवतो, म्हणजे क्रिया रेषीय. दोन्ही पेडलं रेषीय असतील, म्हणजे स्वच्छ डिले आणि स्वच्छ रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमण देणारं पेडल), तर कोण आधी, कोण नंतर याने जवळजवळ फरक पडत नाही. साखळीत एक जरी अरेषीय आला, की क्रम हाच सगळा खेळ होतो.

निसर्गातला क्रम लूपसारखाच आहे. आवाजाचा वेग सेकंदाला 344 मीटर धरला, तर विजयदुर्गच्या तटापासून साधारण 52 मीटरवर उभं राहून मारलेली हाक 0.3 सेकंदांनी परत येईल. ती परत आलेली हाक पुन्हा तुमच्या गळ्यातून जात नाही. गळा आधी, तट नंतर. म्हणूनच लूपमधला डिले आपल्याला 'खरा' वाटतो.

याच कारणाने डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, माईकचा इको फुल आणि अँप फाटेस्तोवर वर असला, की बुवांचा शब्द कळत नाही. तिथे इको आधी मिसळतो आणि छाटणी नंतर होते. इतकी मेहनतीने बसवलेली बारी अशी वाया जाताना वाईट वाटतं. इको निम्म्यावर आणा, अँप जरा खाली घ्या, शब्द सुटे होतील.

लूप हा सार्वत्रिक उपाय मात्र नाही. अँप साधा ठेवून डिस्टॉर्शन पेडलमधून काढत असाल, तर डिले त्या पेडलच्या नंतर लावला की काम झालं. पॉवर अँपच फाटवत असाल, तर छाटणी लूपनंतर होते आणि लूपचा उपयोग उरत नाही. 1960 च्या दशकातल्या बहुतेक अँपना लूप नसायचाच. टेपवर चालणारे इको अँपच्या आधीच लागत, आणि तो गढूळ आवाज आजही कुणाला मुद्दाम हवा असतो. हवा असेल तर जरूर काढावा.

लूप समांतर प्रकारचा असेल, तर मूळ आवाज अँपमधून वेगळा जातच असतो, तेव्हा पेडलचा मिक्स पूर्ण प्रतिध्वनीवर ठेवा. काही लूपमधून व्यावसायिक पातळीचा, सव्वा व्होल्टच्या आसपासचा सिग्नल निघतो, म्हणजे गिटारच्या कित्येक पट. त्याने 9 व्होल्टचं पेडल स्वतःच फाटू लागलं, तर सेंडची पातळी कमी करा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. लूपमध्ये काहीच लावलेलं नसतं, तेव्हा सिग्नल बऱ्याच अँपमध्ये रिटर्न जॅकच्या आतल्या एका स्प्रिंगपट्टीवरून पुढे जातो. खाऱ्या, दमट हवेत त्या पट्टीवर गंज-ऑक्साइडचा थर चढतो. चार महिने पावसाळ्यात पडून असलेला अँप मग अचानक दबका वाजतो, मध्येच गप्प होतो. अशा वेळी 'साउंडला नजर लागली' म्हणून कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. बाहेर टांगलेल्या लिंबाने जॅकच्या आतला थर निघत नाही. सेंडमधून रिटर्नमध्ये एक लहान पॅच केबल लावा. आवाज परत आला, तर दोष त्या पट्टीचाच. मग अँप बंद करून प्लग काढा, एका जॅकपिनला काँटॅक्ट क्लीनर लावून ती रिटर्नमध्ये अनेकदा आत-बाहेर करा आणि सुकू द्या. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अँप मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.