कंदील (रॉकेलचा)

रॉकेलवर जळणारा, काचेत बंदिस्त आणि वरच्या कडीला धरून कुठेही नेता येणारा पत्र्याचा दिवा. चिमणी वाऱ्याच्या झुळकीने विझते, समई देवापुढून हलवायची नसते. कंदील मात्र भर पावसात गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत नेता येतो. वीज येईपर्यंत खेड्यातल्या घरात अभ्यास, जेवण, बाळंतपण, सगळे याच्याच उजेडात चाले. आता तो जुन्या बाजारातून विकत आणून दिवाणखान्यात टांगला जातो, आणि तिथे त्याच्याकडे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. वास्तविक कंदील हे हवा खेळवण्याचे एक हुशार यंत्र आहे आणि जुना कंदील पारखायचा तो याच बाजूने.

खाली तेलाची टाकी, तिच्यावर बर्नर, बर्नरमधून वर आलेली सपाट सुती वात आणि ती वरखाली करणारी चावी. वातीभोवती फुगीर काच, काचेभोवती तारेची चौकट, वर धूर जाण्यासाठी टोपी. दोन्ही बाजूंच्या वाकलेल्या नळ्या नुसता सांगाडा धरून ठेवण्यासाठी आहेत असे वाटते, पण खरी करामत त्यांचीच. ज्योतीला लागणारी हवा वरून या नळ्यांत शिरते, खाली उतरते आणि बर्नरखालून वातीला मिळते. बाहेर वाऱ्याचा झोत आला, तर त्याचा दाब ज्योतीच्या वर आणि खाली जवळजवळ सारखाच पडतो, म्हणून ती विझत नाही.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात, म्हणजे गरम हवेच्या कंदिलात, ज्योतीवरून वर गेलेली तापलेली हवाच ताज्या हवेत मिसळून नळ्यांतून परत येते. ती वापरलेली असल्याने तिच्यात प्राणवायू कमी, त्यामुळे ज्योत पिवळसर आणि मंद. तेल मात्र कमी लागते. दुसऱ्यात, म्हणजे थंड हवेच्या कंदिलात, टोपीखाली वेगळा कप्पा असतो, त्यातून फक्त बाहेरची ताजी हवा नळ्यांत जाते आणि उजेड स्वच्छ व पांढरट पडतो. नळ्यांची वरची तोंडे थेट धुराड्यात उघडतात की बाजूच्या कप्प्यात, एवढे पाहिले की प्रकार कळतो.

रॉकेलच्या आधी कंदिलात मेणबत्ती किंवा चरबीचे, वनस्पतीचे तेल जळे. अब्राहम गेस्नर यांनी कॅनडात १८४६ साली कोळशापासून काढलेले रॉकेल लोकांना जाळून दाखवले. १८५३ मध्ये ल्व्हिव्ह येथे इग्नासी वुकाशेविच या पोलिश औषधविक्रेत्याने खनिज तेलावरचा दिवा बनवला. बाजूच्या नळ्यांची रचना अमेरिकेत जॉन अर्विन याची. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने गरम हवेचा आणि पुढच्या काही वर्षांतच थंड हवेचा कंदील काढला. तो घरोघरी पोचवला डिट्झ कंपनीने. जर्मनीत हेर्मान नीअर यांच्या कारखान्याचा ‘फॉयरहँड’ तसाच गाजला. त्यावर मशाल धरलेल्या हाताची खूण असते.

महाराष्ट्रात कंदील म्हटले की ‘प्रभाकर’. तो बनवणाऱ्या ओगले बंधूंनी औंध संस्थानात, कराडजवळ, १९१६ मध्ये काचकारखाना काढला. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा या उद्योगाला आधार होता. किर्लोस्करवाडीही याच संस्थानात उभी राहिली, हा काही योगायोग नव्हे. स्वदेशीच्या त्या दिवसांत आयात कंदिलाला इथला पर्याय मिळाला आणि त्याची काचही इथलीच होती, ही मोठी गोष्ट, कारण कंदिलाचा सर्वांत अवघड भाग काचच. ती आतून ज्योतीने तापते आणि बाहेरून पावसाच्या थेंबाने एकदम गार होते. घडवल्यानंतर ती हळूहळू, नीट निववली नसेल तर तडकते. कारखान्यामुळे त्या गावाचे नाव ओगलेवाडी पडले. कराडचे रेल्वे स्थानक तिथेच आहे.

जुना कंदील घेताना चकाकीला भुलू नये. रोजच्या वापरातले बहुतेक कंदील कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे असत. पितळीही होते, पण आज दुकानात दिसणारा जड, झगझगीत पितळी कंदील बऱ्याचदा सजावटीसाठी नव्याने घडवलेला असतो. जहाजाच्या किंवा रेल्वेच्या नावाची पट्टी डकवलेला असेल तर अधिकच सावध राहावे. खऱ्या कंदिलाची नाममुद्रा पत्र्यातच ठोकलेली असते, शिवाय टाकी, टोपी, बर्नरची चावी अशा ठिकाणी ती पुन्हा सापडते. ‘वेस्टर्न जर्मनी’ असे असेल तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, हे उघड आहे. काच मूळची असणे दुर्मीळ. बदललेली असली तरी बिघडत नाही, मापात बसली म्हणजे झाले.

मग हवेची वाट तपासावी. माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या कंदिलाच्या नळ्यांत कुंभारमाशीचे मातीचे घर हमखास निघते. एक नळी बुजली की ज्योत एका अंगाला झुकते, भगभगते आणि काचेच्या त्याच बाजूला काजळी धरते. लवचिक तार घालून नळी मोकळी करावी. टाकी आतून गंजलेली असते, म्हणून थोडे रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवावे. कागदावर डाग पडला तर टाकी झाळून घ्यायला कल्हईवाल्याकडे, तोही सापडला तर.

पेटवण्यापूर्वी वात तेलात चांगली भिजू द्यावी. वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित छाटले की ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. पेटवल्यावर आधी बारीक ठेवावी, काच तापली की वाढवावी. काच थंड झाल्यावर राखेने किंवा कागदाच्या बोळ्याने पुसण्याची रीत अजूनही उत्तमच. पेट्रोल कधीही घालू नये, पेटता कंदील भरू नये, आणि दारे-खिडक्या बंद करून त्याच्यासोबत झोपू नये. रॉकेल पूर्वीसारखे सहज मिळत नाही. दिव्यांसाठी विकले जाणारे शुद्ध पॅराफिन तेल चालते, त्याला वासही कमी.

विजेचा दिवा बसवायचा मोह बहुतेकांना होतो. वायरसाठी टाकीला भोक पाडले की तो कंदील पुन्हा तेल धरत नाही आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. त्यापेक्षा बर्नर काढून जपून ठेवावा आणि त्या जागी बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा बसवावा.