फेडर एकत्र बांधायचे की आवाज एकत्र ओतायचा?

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चार-सहा ट्रॅक सिलेक्ट करायचे, ग्रुप करायचे, झालं काम, असं बऱ्याच जणांचं चालतं आणि बरेचदा खपूनही जातं. पण ग्रुप या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एकात नुसते फेडर, म्हणजे ट्रॅकची लेव्हल कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, एकमेकांना बांधलेले असतात, एक खाली ओढला की बाकीचेही तेवढेच डेसिबल खाली येतात, आवाज मात्र ज्याचा त्याचा आपल्या वाटेने मास्टरला, म्हणजे शेवटच्या मुख्य चॅनलला, जातो. दुसऱ्यात सगळ्या ट्रॅकचे आउटपुट एका चॅनलमध्ये येऊन पडतात, तिथे त्यांची खरोखर बेरीज होते आणि ती बेरीज पुढे जाते. ही झाली बस.

बेरीज म्हणजे अक्षरशः बेरीज हं. ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं असेल तर एक मोनो ट्रॅक म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे, आणि बस काय करते तर त्या त्या क्षणाचे सगळ्या ट्रॅकचे आकडे मिळवते आणि एक आकडा पुढे देते, बास. आकडे प्लस आणि मायनस दोन्ही असतात म्हणून गंमत होते: एकच ट्रॅक कॉपी करून मूळ आणि कॉपी एकाच बसवर सोडले तर लेव्हल ६ डेसिबलने वाढते, दोघांपैकी एकाचा फेज उलटा केला, म्हणजे प्लसचे मायनस केले, तर पूर्ण शांतता, आणि दोन वेगळे गायक सारख्याच लेव्हलला गात असतील तर साधारण ३ डेसिबलच वाढते, कारण त्यांच्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात तर कधी खोडतात. याच हिशोबाने कोरसचे ८ ट्रॅक एकत्र आले की अंदाजे ९ डेसिबल वाढणार. त्यामुळे बसचा मीटर लाल होऊ शकतो, पण लगेच घाबरायचं कारण नाही, हल्लीची बहुतेक सॉफ्टवेअर आतलं गणित ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश चिन्ह सरकतं ठेवून खूप मोठे-छोटे आकडे मावणाऱ्या पद्धतीत) करतात, ३२ बिट फ्लोटची रेंज १५०० डेसिबलच्याही वर जाते, पुढचा फेडर खाली घेतला की वेव्हफॉर्म जशीच्या तशी परत मिळते. लहरींच्या टोकांची खरी कापाकापी होते ती शेवटी कन्व्हर्टरला (आकड्यांपासून स्पीकरसाठी सिग्नल बनवणाऱ्या यंत्राला) देताना किंवा २४ बिटची फाइल काढताना. फक्त बसवर जुन्या अॅनालॉग मशीनची नक्कल करणारा प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारा जोडप्रोग्राम) असेल तर तो आधीच करकरायला लागेल, ती गोष्ट वेगळी.

आता मला जे सांगायचंय ते. एकाच सेटिंगचा ईक्यू (खालच्या-वरच्या पट्टीचे सूर कमी-जास्त करणारा प्लगइन) आठही ट्रॅकवर लावून मग बेरीज केली, किंवा आधी बेरीज करून बसवर एकदाच लावला, तर काहीही फरक पडत नाही, राउंडिंगचा किरकोळ भाग सोडला तर आकडेसुद्धा तेच येतात. लेव्हल वाढवणं-कमी करणं, ईक्यू, साधा डिले, कन्व्होल्युशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या घुमण्याचा नमुना आवाजाला लावणारा) हे सगळं गणिताच्या भाषेत लिनिअर, म्हणजे आधी मिळवा मग प्रोसेस करा किंवा उलटं करा, उत्तर एकच. इथे बसचा फायदा इतकाच की आठऐवजी एकच प्लगइन चालतो आणि सीपीयूचा जीव वाचतो. 'बसवर ईक्यू लावला की आवाज जास्त एकजीव होतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं आणि ईक्यू साधा डिजिटल असेल, तर खुशाल दुर्लक्ष करा.

कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज मोठा झाला की आपोआप दाबणारा प्लगइन, मात्र लिनिअर नाही. तो किती दाबायचं हे येणाऱ्या आवाजाकडे बघूनच ठरवतो, म्हणून त्याच्यापुढे एक आवाज ठेवला की बेरीज ठेवली यानं सगळंच बदलतं. ट्रॅकवर वेगवेगळे कॉम्प्रेसर असतील तर जो गायक जोरात गायला तोच दबतो. बसवर असेल तर एकानं जोर लावला की सगळे मिळून खाली जातात आणि मिळूनच वर येतात. ड्रमच्या बसवर किकचा ठोका बसला की सिंबलसुद्धा क्षणभर मागे सरकतात. हे सगळ्यांचं एकत्र हलणं कानाला एकसंध वाटतं, यालाच मिक्सवाले ग्लू म्हणतात. जादू वगैरे नाही.

डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करण्यात, तर फरक अजून ढळढळीत दिसतो. ४०० आणि ५०० हर्ट्झचे दोन सूर वेगवेगळे डिस्टॉर्ट केले तर त्यांच्या आपापल्या पटी मिळतात, ८००, १२०० आणि १०००, १५०० अशा. तेच दोन्ही आधी मिळवून मग डिस्टॉर्ट केले तर डिस्टॉर्शनच्या जातीप्रमाणे १००, ३००, ६००, ९०० असे मुळात कुणी वाजवलेच नव्हते ते सूरही त्यात येऊन बसतात. एकाच गिटारवर तीन-चार सुरांची कॉर्ड जोरदार डिस्टॉर्शनमधून गढूळ का ऐकू येते आणि तेच सूर एकेक वेगळे रेकॉर्ड करून नंतर जोडले तर स्वच्छ का राहतात, ते यामुळेच.

आता फेडर बांधण्याकडे. जुन्या मोठ्या अॅनालॉग कन्सोलवर व्हीसीए फेडर असायचे, त्यांच्यातून आवाज जायचाच नाही, नुसता कंट्रोल व्होल्टेज जायचा आणि तो लांबच्या चॅनलचा गेन बदलायचा, रिमोटसारखा. सॉफ्टवेअरमधला व्हीसीए तेच करतो, बांधलेल्या ट्रॅकच्या लेव्हलमध्ये तेवढे डेसिबल मिळवतो. मग बस असताना हे हवं कशाला? रिव्हर्बमुळे. समजा कोरसच्या ट्रॅकवर पोस्ट-फेडर सेंड (ट्रॅकच्या फेडरनंतर आवाजाची एक प्रत दुसरीकडे पाठवणाऱ्या वाटा) आहेत आणि ते रिव्हर्बच्या वेगळ्या चॅनलला जातात. तुम्ही कोरसच्या बसचा फेडर खाली घेतलात तर मूळ आवाज कमी होतो, पण सेंड बसच्या आधीच निघून गेलेत, त्यामुळे रिव्हर्ब आहे तेवढाच राहतो आणि गाणारे एखाद्या हॉलच्या टोकाला जाऊन उभे राहिल्यासारखे वाटतात. व्हीसीए ट्रॅकचीच लेव्हल कमी करतो म्हणून सेंडही सोबत कमी होतात आणि अंतर तेच राहतं. पण उलट बाजूही आहे, बसवर कॉम्प्रेसर असेल तर व्हीसीए खाली घेतल्यावर त्याला आवाजच कमी मिळतो आणि तो ढिला पडतो, बसचा फेडर सहसा कॉम्प्रेसरनंतर असल्यामुळे तिथे ही भानगड नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नावांचा मात्र पार गोंधळ घातलाय. लॉजिकमध्ये समिंग स्टॅक म्हणजे बस आणि फोल्डर स्टॅक म्हणजे व्हीसीएसारखं, रीपरमध्ये साधा फोल्डर केला की वरचा ट्रॅक आपोआप बस होतो, एबलटन लाइव्हचा ग्रुपही बसच, प्रो टूल्समध्ये बेसिक फोल्डर नुसता आवरायला आणि राउटिंग फोल्डरमधून आवाज जातो. नवीन सॉफ्टवेअर हातात आलं की ग्रुपवर एखादा प्लगइन लावून बघायचा, लागला आणि आवाज बदलला तर बस, नाहीतर नुसते बांधलेले फेडर.

आणि स्टेम्स, म्हणजे एकेका गटाच्या वेगळ्या फाइली, काढताना हेच सगळं परत आडवं येतं. मास्टरवर कॉम्प्रेसर ठेवून ड्रम, गिटार, गाणं अशी एकेक बस सोलो करून एक्सपोर्ट केली आणि त्या फाइली परत एकत्र लावल्या की मूळ मिक्स येत नाही, कारण मास्टरच्या कॉम्प्रेसरला या वेळी पूर्ण बेरीज दिसलेलीच नसते. एक तर मास्टरवरचा कॉम्प्रेसर बंद करून स्टेम्स काढा आणि तोच कॉम्प्रेसर नंतर त्यांच्या बेरजेवर परत लावा, नाहीतर स्टेम काढताना कॉम्प्रेसरच्या साइडचेनला (कॉम्प्रेसरला फक्त बघण्यापुरता वेगळा आवाज देण्याच्या वाटेला) पूर्ण मिक्स द्या, म्हणजे आवाज फक्त ड्रमचा जाईल पण किती दाबायचं ते सगळ्यांकडे बघून ठरेल.