डिक्स, डॉरोथिया लिंड

(४ एप्रिल १८०२ – १७ जुलै १८८७). मनोरुग्णांसाठी सार्वजनिक रुग्णालये उभारली जावीत म्हणून झटणाऱ्या अमेरिकन समाजसुधारक व यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्याच्या परिचारिका-अधीक्षक. जन्म हॅम्पडेन (मेन, त्या वेळी मॅसॅचूसेट्सचा भाग) येथे. वडील फिरते मेथडिस्ट धर्मोपदेशक. घरच्या ओढाताणीमुळे त्या वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास बॉस्टनला आजीकडे आल्या. पुढे त्यांनी शाळा चालविल्या, मुलांसाठी पुस्तके लिहिली. प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबात दीर्घकाळ राहिल्या. मनोरुग्णास साखळदंडाऐवजी माया, काम आणि नियमित दिनक्रम द्यावा, हा यॉर्क येथील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयाचा विचार त्यांना तेथेच परिचित झाला असावा.

त्यांच्या कार्याचा आरंभ मार्च १८४१ पासून धरण्याचा प्रघात आहे. ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांचा रविवारचा धर्मवर्ग घेण्यास त्या गेल्या असता गुन्हेगारांबरोबरच कोंडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया त्यांना दिसल्या. खोलीत शेगडी का नाही, या प्रश्नावर वेड्यांना थंडी कळत नाही, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. हा प्रसंग आद्य चरित्रकाराने बऱ्याच उशिरा नोंदविला असून त्याच्या तपशिलात फरक आढळतात. एका भेटीने आयुष्य पालटले असे मानण्यापेक्षा इंग्लंडमधील अनुभवाने मनाची मशागत आधीच झाली होती, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

त्यानंतर त्यांनी मॅसॅचूसेट्समधील तुरुंग व निराधारगृहे गावोगाव फिरून पाहिली आणि जानेवारी १८४३ मध्ये विधिमंडळास निवेदन सादर केले. पिंजरे, तळघरे, गोठे अशा ठिकाणी कोंडलेल्या, उघड्यावाघड्या, मारहाण सोसणाऱ्या माणसांची गावनिहाय नोंद त्यात होती. काही गावांच्या अधिकाऱ्यांनी वर्णने अतिरंजित असल्याचा आक्षेप घेतला. तरी डॉक्टर व समाजसुधारक सॅम्युएल ग्रिडली हौ यांच्या पाठिंब्यामुळे वूस्टरच्या मनोरुग्णालयाचा विस्तार मंजूर झाला. पाहणी, निवेदन, मग विधिमंडळातील सदस्यांना एकेकट्याने गाठणे हीच पद्धत त्यांनी पुढे राज्याराज्यांत वापरली. ऱ्होड आयलंडमधील लिटल कॉम्प्टन येथे एका रुग्णाला दगडी कोठडीत ठेवले होते. तिच्या भिंतींवर दहिवराचा थर जमे. ही हकिकत त्यांनी वृत्तपत्रात छापविली. सायरस बटलर या धनिकाकडून त्यांनी ४०,००० डॉलरची देणगी मिळविली, तीही याच मोहिमेत. ट्रेंटन (न्यू जर्सी) येथील रुग्णालय १८४८ मध्ये सुरू झाले. एकूण ३२ रुग्णालयांचे श्रेय त्यांना सामान्यतः दिले जाते. या आकड्यात नवी स्थापना किती व जुन्याचा विस्तार किती, याची फोड सहसा केली जात नाही.

मनोरुग्ण, अंध व मूकबधिर यांच्या संस्थांसाठी १,२२,२५,००० एकर सरकारी जमीन देणारे त्यांचे विधेयक काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) दोन्ही सभागृहांत संमत झाले; परंतु धर्मादाय हे संघराज्याचे काम नव्हे, या भूमिकेतून अध्यक्ष फ्रँक्लिन पिअर्स यांनी मे १८५४ मध्ये ते नाकाराधिकाराने फेटाळले. यानंतर त्या यूरोपला गेल्या. स्कॉटलंडमधील मनोरुग्णांविषयीचा चौकशी आयोग व १८५७ चा कायदा यांमागे त्यांच्या खटपटीचा वाटा होता.

डिक्स यांना ‘परिचारिका’ म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न आहे. अमेरिकेत परिचारिका-प्रशिक्षणाच्या रीतसर शाळा १८७० नंतर निघाल्या. डिक्स यांचे असे शिक्षण झालेले नव्हते. यादवी युद्धात, जून १८६१ मध्ये मिळालेले परिचारिका-अधीक्षकाचे पद भरती व देखरेखीचे होते आणि ते त्यांनी विनावेतन सांभाळले. त्यांच्या परिचारिकांना दिवसाला ४० सेंट व शिधा मिळे. १८६२ च्या परिपत्रकानुसार उमेदवार ३५ ते ५० वर्षांची हवी. पोशाख तपकिरी, करडा किंवा काळा. फिती, दागिने, कुरळ्या बटा, घेरदार झगे वर्ज्य. सैनिकी डॉक्टरांशी त्यांचे सतत खटके उडत. ऑक्टोबर १८६३ च्या आदेशाने सर्जन-जनरल या सैन्याच्या वैद्यकीय प्रमुखालाही परिचारिकांच्या नेमणुकीचा अधिकार मिळाला व डिक्स यांचे पद बव्हंशी नामधारी उरले. तेव्हा ‘परिचर्या-प्रशासक’ हीच संज्ञा त्यांना अधिक लागू पडते. चरित्रकोशांतून मात्र ‘परिचारिका’ रूढ झाले आहे.

१८६६ मध्ये पद सोडून त्या पुन्हा रुग्णालयांच्या पाहणीकडे वळल्या. ट्रेंटनच्या रुग्णालयाला त्या आपले पहिले अपत्य म्हणत; १८८१ पासून त्याच इमारतीतील खोल्यांत त्यांचे वास्तव्य होते. तेथेच त्यांचे निधन झाले. दफन केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत.